ओलं फडकं की कंडेन्सर?

*ताई, नमस्कार.*

*मी परभणीत राहतो, वय ३६, शिकवणी घेतो. वडिलांची १९८९ ची मारुती व्हॅन माझ्याकडे आहे आणि तिचं बरंचसं काम मी स्वतःच करतो. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत या भागातले आम्ही जुन्या व्हॅनवाले वीसेक जण आहोत. बहुतेकांकडे मारुती, तिघांकडे मॅटाडोर. महिन्यातून एका रविवारी घरच्यांना घेऊन सगळे मिळून कुठेतरी जातो.*

*एप्रिलमध्ये औंढा नागनाथला गेलो होतो. परत येताना जिंतूरच्या अलीकडे एका काकांची व्हॅन बंद पडली. काका सत्तरीचे आहेत, पाटबंधारे खात्यात जीप चालवून निवृत्त झालेत. त्यांनी सीट उचलली, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलं आणि बाजूला सावलीत बसले. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, हे अडाण्याचे उपाय सोडा आता. तुमच्या मिस्त्रीला काही कळत नाही. कंडेन्सर गेलाय, साधी गोष्ट आहे." दोघं-तिघं हसले. काकांची सून आणि नातू तिथंच उभे होते. काका एवढंच म्हणाले, "मला शिकवायलास का तू?" दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि ते निघून गेले. त्यानंतरच्या दोन रविवारी ते आले नाहीत.*

*मी चुकीचं काय बोललो? माझ्या गाडीला हेच होत होतं आणि कंडेन्सर (प्लगची ठिणगी नीट पडावी म्हणून बसवलेला छोटा विजेचा भाग) बदलल्यावरच ते थांबलं. आपण बरोबर असताना माफी मागायची का? शिवाय आता मला बोलायचीच चोरी झालीय. आमच्यातला एक जण व्हॅन घरच्या गॅस सिलिंडरवर चालवतो, आणि गाडीत लेकरं बसलेली असतात. मला दिसतं, पण "आला शहाणा" म्हणतील म्हणून गप्प राहतो. काय करू?*

*एक वाचक, परभणी*

दादा,

तुमच्या पत्रातली शेवटची गोष्ट आधी घेते. काकांचा राग आठवडाभर थांबू शकतो. ते सिलिंडर थांबू शकत नाही.

हे पत्र वाचाल त्याच दिवशी त्या माणसाकडे जा. एकटे जा. २००१ पासून केंद्र सरकारचा आदेश आहे: गाडी एलपीजीवर चालवायची तर मंजूर किट, गाडीसाठीची वेगळी टाकी आणि आरसी बुकात नोंद लागते, घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीला वापरणं बेकायदा आहे. पण नुसता कायदा सांगून तो ऐकेल असं मला वाटत नाही. हे त्यालाही आधीपासून माहीत असणार. त्याला कारण सांगा. गाडीच्या एलपीजी टाकीला एक व्हॉल्व्ह असतो, टाकी ८० टक्के भरली की तो आत येणारा गॅस आपोआप बंद करतो. उरलेली जागा मुद्दाम रिकामी ठेवतात, कारण उन्हात आतला द्रव गॅस फुगतो. घरच्या सिलिंडरला असा व्हॉल्व्ह नसतो. त्याची नळी आणि रेग्युलेटर स्वयंपाकघरात एका जागी राहण्यासाठी केलेले, आपल्याकडच्या रस्त्यांचे हादरे खाण्यासाठी नव्हेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. थोडा जरी गळला तरी वर निघून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो. आणि मारुती व्हॅनचं इंजिन कुठं आहे? पुढच्या सीटखाली. जुन्या गाडीत तिथेच इग्निशनचे पॉइंट ठिणग्या टाकत असतात. काचा बंद, लेकरं मागे, बाहेर परभणीचं मे महिन्यातलं ऊन. एवढं सांगितलंत तरी पुरे.

बोलायला सुरुवात करताना "तू चूक करतोयस" म्हणू नका. "मला तुझ्या लेकरांची भीती वाटतीय" म्हणा, कारण तुमच्या पत्रात मला हीच भीती दिसते. मंजूर किट बसवून घ्यायला सोबत येतो म्हणा. ते होईपर्यंत गाडी पेट्रोलवर चालव म्हणा. नाहीच ऐकलं, तर पुढच्या रविवारी निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगा की सिलिंडर असलेली गाडी आपल्यासोबत येणार नाही. इथं मात्र मी चारचौघांत बोलण्याच्या बाजूची आहे. एखाद्याचा मान राखायचा म्हणून त्याच्या लेकरांचा जीव धोक्यात राहू देता येत नाही. गळणारं पेट्रोल, खाली जाणारा ब्रेक, सैल स्टिअरिंग हेही याच रांगेतलं. शहाणा म्हणाले तर म्हणू द्या.

आता काका.

तुमचं पत्र मी आमच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना वाचून दाखवलं. कंडेन्सर की पेट्रोल पंप, एवढं ते सांगतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी उलट मलाच विचारलं, "चालता चालता बंद पडली, का चहाला थांबून परत चालू करताना? पडली तेव्हा प्लगला करंट होता का, म्हणजे ठिणगी पडत होती का? टाकीचं झाकण कुणी उघडून बघितलं का?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. दादा, तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तुम्ही तिथं उभे होतात, तरीही नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. उन्हाळ्यात जुनी पेट्रोल गाडी गरम झाली की बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते, याची निदान तीन कारणं असू शकतात. एक, पंपात किंवा नळीत पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी असतो, वाफ त्याला ढकलता येत नाही, मग कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. मारुती व्हॅनमध्ये इंजिन सीटखाली कोंडलेलं, पंप इंजिनलाच बसवलेला, त्यामुळे तो तापायला वेळ लागत नाही. दोन, कंडेन्सर किंवा प्लगला करंट देणारी इग्निशन कॉइल गरम झाल्यावर दगा देते. गार असताना ठीक, तापली की करंट जातो. तीन, टाकीत हवा जायची वाट बुजलेली असते. पेट्रोल संपत जातं तशी टाकीत पोकळी होते आणि पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल येत नाही. तिन्हींत गाडी तशीच बंद पडते आणि तशीच पुन्हा चालू होते.

ओल्या फडक्याने नळी निवली की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी चालू होते. हा उपाय खरा आहे. पण फडकं टाकून दहा मिनिटं बसलं की तेवढ्यात कॉइलही निवते, कंडेन्सरही निवतो. म्हणजे काकांची गाडी सुरू झाली त्यावरून काकांचं निदान बरोबर ठरत नाही, आणि तुमचंही ठरत नाही. हे ठरवता येतं ते गाडी बंद पडल्याच्या पहिल्या दोन मिनिटांत. प्लगला करंट आहे का, हे पेट्रोलचा वास नाही ना याची खात्री करून जाणत्या माणसाने बघायचं. करंट असेल तर कंडेन्सर आणि कॉइल सुटली, पेट्रोलकडे वळायचं. मग टाकीचं झाकण सैल करायचं. "सूं" असा आवाज येऊन गाडी लगेच चालू झाली, तर फडक्याचीही गरज नव्हती आणि कंडेन्सरचीही.

त्या दोन मिनिटांत तुम्ही काय करत होतात, हे तुम्हीच लिहिलंय.

तुमच्या गाडीचा कंडेन्सरच गेला होता याबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही काकांच्या गाडीचं निदान तुमच्या गाडीवरून केलंत. जाणता माणूस इथंच फसतो. नवख्याला काही माहीत नसतं, म्हणून तो विचारतो. ज्याने एक दुखणं स्वतःच्या हाताने बरं केलंय, त्याला ते सगळीकडे दिसायला लागतं.

आणि "अडाण्याचे उपाय" म्हणालात, ते शब्द मला फार लागले. काका पाटबंधाऱ्यात जीप चालवायचे म्हणता. परभणीच्या शिवारात जायकवाडीचे कालवे झाले तेव्हाच्या सरकारी जीप बऱ्याचदा पेट्रोलच्या असायच्या, इंजिनच्या बाजूला यांत्रिक पंप. भर उन्हात कालव्याच्या भरावावर जीप बंद पडली तर मैल-मैल गॅरेज नाही, फोन नाही. शेजारी पाणी आहे आणि खिशात फडकं आहे. त्या माणसाने त्या फडक्याच्या जोरावर साहेबांना आणि मजुरांना घरी पोचवलं असेल, एकदा नव्हे, शंभरदा. याला अडाणीपणा म्हणायचं?

हेही सांगते की त्यांचं जुनं ज्ञान आज जसंच्या तसं चालेल असं नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या उसाचं. १९८९ च्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशरं या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, कडक होतात, भेगाळतात. मग पंप कमी ओढतो, नळी हवा घेते, आणि पूर्वी फडक्याने भागायचं ते भागत नाही. इथेनॉलला टिकणारे पाइप मिळतात, ते एकदा बदलून घेणं काकांच्याही फायद्याचं आणि तुमच्याही. हे तुम्ही त्यांना सांगू शकला असता. त्यांनी ऐकलंही असतं, कारण यात त्यांचं जुनं खोटं ठरत नाही. पेट्रोल बदललं, एवढंच त्यात आहे.

आता माझी एक गोष्ट. माझे वडील जालन्याला मॅटाडोर चालवायचे. पुण्याच्या बजाज टेम्पोने १९६९ पासून २००० पर्यंत ती गाडी बनवली, आणि आपल्याकडे तर कुठल्याही छोट्या मालगाडीला अजून मॅटाडोरच म्हणतात. वडील तिच्यातून मोसंबी न्यायचे. मी दहा-अकरा वर्षांची असेन. गाडी सकाळी चालू होईना, डिझेलने एअर घेतली, म्हणजे नळीत हवा शिरली, असं समजून वडिलांनी तासभर पंप मारून एअर काढली, तरी उपयोग नाही. दुसऱ्या गाडीला बांधून ओढत तेव्हाच्या औरंगाबादला एका गॅरेजात आणली. तिथल्या पोराने दोन मिनिटांत फिल्टरजवळचं चिरलेलं वॉशर दाखवलं आणि मोठ्याने म्हणाला, "एवढं कळत नाही तर गाडी कशाला चालवता?" त्याचं निदान बरोबर होतं. चार माणसं हसली. मी वडिलांचं बोट धरून उभी होते. त्यांनी पैसे दिले आणि रस्त्यात माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर त्यांनी गाडीचं काही सांगणंच बंद केलं. कुणालाच. काही महिन्यांनी ब्रेकचा पायडल खाली जायला लागला होता, दोनदा दाबल्याशिवाय ब्रेक लागत नव्हता. त्यांनी ते आईला सांगितलं नाही, मिस्त्रीला सांगितलं नाही, दोन पंप मारून चालवत राहिले. एके दिवशी दौलताबादच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. गाडी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात घातली म्हणून वाचले. चाकाच्या ब्रेक सिलिंडरचं रबर गळत होतं, पायडल पहिल्यांदा मऊ लागला तेव्हाच दाखवलं असतं तर किरकोळ काम होतं. मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाले, "पुन्हा कोण ऐकून घेणार?"

म्हणून तुमच्या पत्रातल्या "बरोबर असताना" या शब्दांशी मी भांडतेय. जुनी गाडी अचानक मरत नाही. आधी काहीतरी बोलते: वास येतो, पायडल मऊ लागतो, उतारावर वेगळा आवाज येतो. ते फक्त चालवणाऱ्यालाच कळतं. त्याने ते बोलून दाखवलं तर निम्मं काम झालं. ज्याला एकदा सुनेसमोर हसलं गेलंय, तो पुढच्या वेळी बोलून दाखवणार नाही. काका दोन रविवार आले नाहीत, त्यांच्या गाडीत या दोन महिन्यांत काय चाललंय हे आता तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. या ऊन-पावसात सत्तरीचा माणूस एकटा, बंद पडणारी गाडी घेऊन फिरतोय. मला काळजी आहे ती ही.

मग सांगायचं कसं? पहिली गोष्ट, दुसऱ्याच्या गाडीची सीट उचलण्याआधी "बघू का?" विचारायचं. तेवढ्या एका प्रश्नाने समोरचा माणूस गाडीचा मालक राहतो. नंतर, काय झालं ते त्यालाच सांगू द्यायचं, मधे न तोडता. पहिल्या मिनिटाला निरर्थक वाटलेली गोष्ट बऱ्याचदा तिसऱ्या मिनिटाला कामाची निघते. तुमचं मत सांगताना ते कुठून आलं तेही सांगा: "माझ्या गाडीला असं झालं होतं, तेव्हा कंडेन्सर निघाला, तुमचा तोच असेल असं नाही." एवढं जास्तीचं बोलायला पाच सेकंद लागतात. त्यातून समोरच्याला समजतं की ही तुमच्या एका गाडीची गोष्ट आहे, आणि तो तिला तेवढंच वजन देतो.

त्याच्या मिस्त्रीबद्दल वाईट बोलू नका, ओळखत असलात तरीही. परभणीत काय आणि सेलूत काय, मिस्त्री म्हणजे नुसता कारागीर नसतो. रात्री अकराला फोन केला तर येणारा, उधारीवर काम करणारा, बापाच्या वेळेपासून गाडी ओळखणारा माणूस असतो. तुम्ही त्याला नावं ठेवलीत तर मालकाला त्याची बाजू घ्यावीच लागते, आणि मग गाडीचं बोलणं बाजूला राहतं.

आणखी एक. तुमच्यात कुणीतरी "हे इंजिन काढून टाका, नवं बसवा" असा सल्ला देणारा असेलच, प्रत्येक ठिकाणी असतो. त्या वेळी तुम्ही पुढचं बोला: इंजिन बदललं तर आरसी बुकातला इंजिन नंबर बदलावा लागतो, परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली खासगी गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची १९८९ ची व्हॅन अजून कायद्याने व्हिंटेज नाही. पण २०३९ नंतर ती तिथं पोचेल, मूळ रूपात राहिली तर. आणि तुमच्यातली एखादी मॅटाडोर १९७५ च्या आधीची असेल तर आजच विचार करण्यासारखा आहे. "काढून टाका" म्हणणारा हे कधी सांगत नाही.

एक वही करा, साधी शंभर पानी. दर रविवारी कुणाच्या तरी गाडीत राहील. कुठली गाडी, काय झालं, ऊन किती होतं, चालता चालता की थांबून, काय केलं, आणि शेवटी खरं काय निघालं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच कुणी लिहीत नाही. महिन्याभराने फोन करून विचारावं लागतं, "काका, कशाने गेलं हो ते?" त्यातून कधी तुमचं निदान खोटं निघेल, तेही तितक्याच ठळक अक्षरात लिहा. पण ही वही काकांना मनवण्यासाठी त्यांच्या हातात देऊ नका. मन वळवायला दिलेली वस्तू माणसाला लगेच ओळखू येते.

काकांकडे त्यांच्या घरी जा, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. बोलणं चारचौघांत झालं होतं, सून आणि नातू होते, म्हणून माफीही ते दोघं घरात असतानाच मागा. एकच वाक्य पुरेल: "काका, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं." त्यापुढे "पण" येऊ देऊ नका. "पण कंडेन्सर एकदा बघून घ्या" म्हणालात की सगळं परत जिंतूरच्या रस्त्यावर. खिशात नवा कंडेन्सरही घेऊन जाऊ नका. तो तुमच्यासाठी मदत असेल, त्यांच्यासाठी मात्र तोच हसण्याचा आवाज.

चहा येईल. काका कदाचित गाडीचं काढणारच नाहीत, मग तुम्हीही काढू नका. पाऊसपाणी बोला, नातवाच्या शाळेचं बोला, आणि पुढच्या रविवारी कुठं निघतोय ते सांगून उठा. जीपच्या दिवसांबद्दल विचारलंत तर बरं, ऐकायची खरी इच्छा असली तरच. आणि त्यांनी स्वतःहून म्हटलं, "परवा परत बंद पडली होती रे," तर तुम्हाला माहीत असलेलं सगळं जरा बाजूला ठेवा आणि विचारा, "चालता चालता पडली काका, का थांबून चालू करताना?"